जॉन मिल्न: धरणीकंप मोजणारे गृहस्थ

पायांखालची जमीन हीच काय ती न हालणारी वस्तु, असें मनुष्य लहानपणापासून धरून चालतो. झाड उन्मळेल, नदी पात्र सोडील, पण भुई जागची हालणार नाहीं, असा त्याचा भरंवसा असतो. म्हणून ज्या घडीस भुईच हालते त्या घडीस त्याचें भान सुटतें. कोयनेच्या खोऱ्यांतील लोकांवर ती घडी सन १९६७ च्या डिसेंबर महिन्याच्या ११ तारखेस आली. किल्लारी व तिच्या आसपासच्या गांवांवर ती सन १९९३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस आली. दोन्ही वेळां पहांट व्हावयाची होती, आणि माणसें घरांत निजलेलीं होतीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं त्या दिवसांची आठवण अद्याप ताजी असेल. म्हणून ज्या गृहस्थानें आपलें सारें आयुष्य धरणीचा कंप मोजण्यांत व त्यापासून घरें कशीं वांचवावीं ह्याच्या शोधांत घालविलें, त्याचें चरित्र थोडक्यांत सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

जॉन मिल्न ह्यांचा जन्म इंग्लंड देशांतील लिव्हरपूल शहरीं सन १८५० च्या डिसेंबर महिन्याच्या ३० तारखेस झाला. आईबापांचे ते एकुलते एक पुत्र होते. लंडन शहरीं किंग्ज कॉलेजांत व पुढें खाणींच्या सरकारी विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. जमिनीच्या पोटांत काय आहे हें जाणण्याचा त्यांस मोठा छंद होता. शिक्षण संपल्यावर ते न्यूफाउंडलंड व लाब्राडोर ह्या थंड मुलखांत खनिजांच्या शोधार्थ गेले.

सन १८७३ च्या अखेरीस त्यांस एक निराळेंच काम मिळालें. डॉक्टर चार्ल्स बेक नांवाचे एक वृद्ध विद्वान् सीनाय पर्वताचें खरें ठिकाण शोधण्यास निघाले होते. निर्गमाच्या पुस्तकांत पर्वतावर धूर व अग्नि दिसल्याचें आणि पर्वत थरथरल्याचें वर्णन आहे. त्यावरून तो ज्वालामुखी असावा असें डॉक्टर बेक ह्यांनीं आधींच छापून प्रसिद्ध केलें होतें. खडकांची परीक्षा करण्यासाठीं त्यांनीं तरुण मिल्न ह्यांस बरोबर घेतलें. अकाबाच्या आखातानजीक ज्या डोंगरास ते सीनाय समजत होते तेथें पोंचल्यावर तो ज्वालामुखी नाहीं असें दिसून आलें. तेव्हां ह्या बाबतींत आपण चुकलों, असें त्या वृद्ध गृहस्थानें मोकळेपणानें कबूल केलें. मनांत ठरविलेल्या गोष्टीपेक्षां डोळ्यांसमोरच्या खडकाचें अधिक ऐकावें, हा धडा मिल्न ह्यांस तेथें पाहावयास मिळाला.

त्या काळीं जपानच्या मेजी सम्राटांच्या सरकारानें परदेशांतून शिक्षक बोलाविण्याचा क्रम चालविला होता. टोकियो येथील इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत भूगर्भविद्या व खाणकाम शिकविण्यासाठीं मिल्न साहेबांची नेमणूक झाली. समुद्रप्रवास त्यांस सोसत नसे. म्हणून सन १८७५ च्या आगस्ट महिन्यांत ते इंग्लंडांतून निघाले ते यूरोप, रशिया, सैबेरिया, मंगोलिया व चीन असे खुष्कीच्या मार्गानें गेले. कोठें गाडी, कोठें घसरगाडी, कोठें उंट, असा सुमारें सात महिन्यांचा हा प्रवास करून सन १८७६ च्या मार्च महिन्यांत ते टोकियोस पोंचले. पहिल्याच रात्रीं तेथील धरणीनें हालून त्यांचें स्वागत केलें.

जपानांत लहानमोठे धक्के वारंवार बसतात. जमिनीखालीं एक प्रचंड मासा आहे व तो हालला म्हणजे धरणीकंप होतो, अशी तेथील जुन्या लोकांची समजूत होती. आपल्या देशांत हीच गोष्ट शेषाच्या मस्तकाविषयीं सांगत असत. मिल्न साहेबांनीं ह्या समजुतीची थट्टा करण्यांत वेळ घालविला नाहीं. धक्का कोठून येतो, किती वेळ टिकतो आणि किती जोराचा असतो, हें आधीं मोजलें पाहिजे असें त्यांच्या मनानें घेतलें.

सन १८८० च्या फेब्रुवारी महिन्याच्या २२ तारखेस योकोहामा शहरास मोठा धक्का बसला. धुराडीं पडलीं व भिंतींस भेगा गेल्या. त्या वर्षीं मिल्न साहेबांच्या खटपटीनें जपानची भूकंपविषयक सभा स्थापन झाली. अशा प्रकारची ही जगांतील पहिली सभा होय. तिच्या कामाचा बहुतेक भार पुढें त्यांनींच वाहिला.

ह्या कामांत त्यांची पहिली युक्ति अगदीं साधी होती. टोकियोपासून शंभर मैलांच्या आंतील गांवांच्या सरकारी कचेऱ्यांकडे त्यांनीं टपालाच्या कार्डांचे गठ्ठे पाठविले. आठवडाभरांत किती धक्के बसले तें लिहून दर आठवड्यास एक कार्ड परत पाठवावें, अशी विनंति त्यांनीं केली. ज्या भागांतून कार्डें अधिक आलीं त्या भागांत आणखी कार्डें पाठवावयाचीं, असें करीत करीत धक्क्यांचें माहेर कोठें आहे हें त्यांनीं नकाशावर काढिलें. पुष्कळसे धक्के डोंगरांकडून येत नसून पूर्व किनाऱ्याकडून येतात, असें त्यांस आढळलें. कार्डें लिहिणारे गांवोगांवचे सामान्य कारकून होते. त्यांपैकीं कोणाचेंही नांव आज कोणास ठाऊक नाहीं. तरी ह्या शास्त्राचा पाया त्यांच्या हातांनीं घातला गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु माणसाच्या अंदाजावर फार वेळ विसंबतां येत नाहीं. भ्यालेल्या माणसास पांच सेकंद पांच मिनिटांसारखे वाटतात. म्हणून धक्का आपोआप लिहून ठेवील असें यंत्र पाहिजे होतें. येथें एक मोठी अडचण होती. जमीन हालली म्हणजे तिजवरील घर, मेज, घड्याळ व मनुष्य हीं सर्वच हालतात. मग किती हाललें हें कशावरून मोजावें? हालणाऱ्या जगांत एक तरी वस्तु स्थिर पाहिजे.

ह्याचें उत्तर आमच्या वाचकांस बैलगाडींत मिळेल. बैलांनीं एकाएकीं हिसका दिला कीं गाडी पुढें जाते व आंत बसलेला मनुष्य मागें पडल्यासारखा होतो. खरें पाहतां तो मागें पडत नाहीं; तो होता तेथेंच राहूं पाहतो आणि गाडी त्याच्याखालून निघून जाते. जड वस्तूचा हा स्वभाव आहे. तेव्हां एक वजन असें टांगावें कीं जमीन त्याखालून हालली तरी तें आपल्या जागीं राहील. त्यास एक सुई लावावी आणि सुईखालीं काजळी धरलेली कांच घड्याळाच्या यंत्रानें फिरवीत ठेवावी. म्हणजे जमिनीचा हादरा कांचेवर रेघेनें उमटेल.

मात्र वजन नुसतें दोरीनें टांगलें तर तें पाळण्यासारखें स्वतःच झोके घेऊं लागतें, आणि जमिनीची हालचाल कोणती व झोका कोणता हें कळत नाहीं. ह्यावर आडव्या लंबकाची योजना निघाली. शेताच्या फाटकाचा खांब किंचित् कललेला असला तर उघडें फाटक हळूहळू फिरत आपल्या जागीं येतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें इतकें सावकाश फिरतें कीं तेवढ्यांत जलद धक्के येऊन जातात व फाटक जवळजवळ जागेवरच असतें. ह्याच रीतीनें वजन लावलेला आडवा दांडा टांगतात. ही योजना एकट्या मिल्न साहेबांची नव्हे. जेम्स यूइंग व टॉमस ग्रे हे त्यांचे दोन सोबती त्याच कामीं झटत होते. यूइंग साहेबांनीं सन १८८० मध्यें आडव्या लंबकानें धक्क्याची रेघ काढून दाखविली. पुढें ग्रे व मिल्न ह्यांनीं मिळून केलेलें यंत्र पुष्कळ ठिकाणीं वापरांत आलें.

धक्क्याची वाट पाहत बसणें मिल्न साहेबांस पुरेसें वाटेना. म्हणून त्यांनीं लोखंडाचा जड गोळा उंचावरून पाडून व जमिनींत सुरुंग उडवून लहान धरणीकंप स्वतःच केले, आणि निरनिराळ्या अंतरांवर यंत्रें ठेवून कंप जमिनींतून कसा जातो तें पाहिलें. एकाच आवारांत थोड्या थोड्या अंतरावर यंत्रें मांडिलीं असतां त्यांस असें आढळलें कीं कठीण जमिनीपेक्षां मऊ व ओलसर जमीन पुष्कळ अधिक हालते. दहा फूट खोल खड्ड्याच्या तळाशीं जी हालचाल होते ती वरच्या हालचालीहून फारच कमी असते, असेंही त्यांनीं पाहिलें. घर कोठें बांधावें व पाया किती खोल न्यावा, ह्या प्रश्नांचीं उत्तरें आतां केवळ सांगोवांगीचीं राहिलीं नाहींत.

त्यांचा सर्वांत नवलाचा प्रयोग घराचाच होता. हादरा घरापर्यंत पोंचूंच दिला नाहीं तर काय होईल, असें मनांत आणून त्यांनीं लांकडाचें एक लहान घर बांधलें व त्याचे खांब दहा इंच व्यासाच्या ओतीव लोखंडाच्या गोळ्यांवर ठेविले. जमीन हालली तर गोळे गडगडतील आणि घर जागीं राहील, अशी अपेक्षा होती. पण नुसत्या वाऱ्यानें घर सरकूं लागलें. तेव्हां त्यांनीं आठ इंचांचे गोळे घातले, मग एक इंचाचे घातले, आणि शेवटीं प्रत्येक खांबाखालीं पाव इंचाचे छर्रे मूठमूठभर पसरले. ह्या बारीक छर्ऱ्यांत घासणी अधिक असल्यामुळें घर वाऱ्यास दाद देईना, आणि जमिनीचा एकाएकीं आलेला हिसका मात्र घरास फारसा लागेना. घर व जमीन ह्यांची गांठ सैल करून हादरा खालींच अडविण्याचा हा विचार त्या काळीं कित्येकांस खेळासारखा वाटला असेल. आज मोठमोठ्या इमारती रबर व पोलाद ह्यांचे थर देऊन केलेल्या गाद्यांवर उभारतात. सन २००१ च्या धरणीकंपानंतर भूज येथें नवें इस्पितळ बांधलें तेंही अशाच गाद्यांवर उभें आहे.

ह्याच यंत्रांचा त्यांनीं आगगाडीसही उपयोग करून दिला. गाडींत कंप लिहिणारें यंत्र ठेविलें असतां रूळ कोठें दबतो व पूल कोठें अधिक हालतो हें कागदावर उमटूं लागलें. एंजिनाच्या चाकांवरील तोलाचीं वजनें नीट नसलीं म्हणजे एंजिन कसे हिसके देतें, तेंही त्या रेघेंत दिसलें.

सन १८८१ मध्यें मिल्न साहेबांनीं होरिकावा तोने नांवाच्या जपानी बाईंशीं विवाह केला. ह्या बाई उत्तरेकडील हाकोदाते शहरच्या एका बौद्ध मठाच्या महंतांच्या कन्या होत्या. पुढील सर्व सुखदुःखांत त्यांनीं पतीस शेवटपर्यंत साथ दिली.

सन १८९१ च्या आक्टोबर महिन्याच्या २८ तारखेस सकाळीं मध्य जपानांतील मिनो व ओवारी ह्या प्रांतांस भयंकर धरणीकंप झाला. सात हजारांवर माणसें मेलीं आणि एक लाखाहून अधिक घरें जमीनदोस्त झालीं. मिल्न साहेब तेथें गेले. नागारा नदीवरील आगगाडीचा नवा लोखंडी पूल कोसळला होता, विटांचे कारखाने ढासळले होते, आणि बारीक खांबांवर जड छपरें असलेलीं खेड्यांतील घरें चिरडून गेलीं होतीं. एका खोऱ्यांत जमीन चिरून तिची एक बाजू दुसरीपेक्षां सुमारें २० फूट वर आली होती. तेव्हां प्रोफेसर कोतो ह्या जपानी पंडितानें असें प्रतिपादन केलें कीं ही चीर धरणीकंपाचा परिणाम नसून तेंच त्याचें कारण होय.

त्या ओसाड गांवांतून मिल्न साहेबांनीं जें पाहिलें त्याचें सार एवढेंच होतें कीं माणसांस धरणीनें मारिलें नाहीं, तर त्यांच्याच घरांनीं मारिलें. घराचा वरचा भाग हलका असावा, भिंती एकमेकींस घट्ट बांधलेल्या असाव्या, चुना अथवा सिमेंट चांगलें असावें, खिडक्या व दारें भिंतीस दुबळी करतील अशीं एकावर एक नसावींत, आणि धुराडें छपरास चिकटलेलें नसावें, असे नियम त्यांनीं पुनः पुनः लिहिले. पुढल्या वर्षीं जपान सरकारानें भूकंपाच्या तपासासाठीं मंडळ नेमिलें व त्यांत त्यांस घेतलें.

दरम्यान जर्मनींत एक आश्चर्य घडलें होतें. सन १८८९ च्या एप्रिल महिन्यांत पॉट्सडाम येथें फोन रेबॉयर-पाश्विट्झ नांवाच्या तरुण शास्त्रज्ञाच्या यंत्रावर एक विचित्र रेघ उमटली, आणि ती जपानांतील धरणीकंपाची निघाली. म्हणजे धक्का पृथ्वीच्या एका बाजूकडून दुसरीकडे पोंचतो. मग प्रत्येक देशांत एकसारखीं यंत्रें ठेविलीं तर साऱ्या पृथ्वीचा कंप ऐकूं येईल, असें मिल्न साहेबांच्या मनानें घेतलें. त्यासाठीं त्यांनीं एक नवें साधें यंत्र केलें. आडव्या दांड्याच्या टोंकाशीं एक बारीक फट असून तिच्यांतून दिव्याचा उजेड फोटोच्या कागदावर पडे, आणि घड्याळाच्या यंत्रानें तो कागद सरकत राही.

पण सन १८९५ च्या फेब्रुवारी महिन्यांत त्यांच्या घरास आग लागली. यंत्रें, पुस्तकें, टिपणें, वीस वर्षांची जमाविलेली सामग्री एका रात्रींत भस्म झाली. त्या वेळीं त्यांचें वय चव्वेचाळीस वर्षांचें होतें. पुष्कळांनीं येथें हात टेकले असते. मिल्न साहेब त्याच वर्षीं सम्राटांचा निरोप घेऊन पत्नीसह इंग्लंडास परतले. त्यांचे जपानी साहाय्यक हिरोता हेही त्यांच्याबरोबर गेले. आयल ऑफ वाइट बेटावरील शाइड नांवाच्या लहानशा खेड्यांत त्यांनीं घर घेतलें व पुनः पहिल्यापासून आरंभ केला.

त्या खेड्यांत बसून त्यांनीं सर्व जगांत सुमारें चाळीस ठिकाणीं आपलीं यंत्रें बसविलीं. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या कॅप्टन स्कॉट ह्यांच्या मंडळीनेंही एक यंत्र नेलें होतें. आपल्या देशांत सन १८९७ च्या जून महिन्याच्या १२ तारखेस आसामांत मोठा धरणीकंप झाला, आणि त्यानंतर कलकत्त्याजवळ अलीपूर, मुंबईस कुलाबा व दक्षिणेस कोडाईकनाल येथें मिल्न साहेबांचीं यंत्रें आलीं. आसामच्या धक्क्याची रेघ शाइड येथेंही उमटली होती. वीज आधीं दिसते व गडगडाट मागून ऐकूं येतो, आणि मधल्या वेळावरून वीज किती दूर पडली ह्याचा अंदाज शेतकरी करितो. तसेंच धरणीकंपाचा बारीक कंप आधीं येतो व मोठ्या लाटा मागून येतात. मधला वेळ मोजून धक्का किती दूर झाला हें मिल्न साहेब सांगूं लागले. तीन ठिकाणांचीं अंतरें मिळालीं म्हणजे जागाही निश्चित होई. हिंदुस्थानच्या भूगर्भखात्यांतील रिचर्ड ओल्डॅम साहेबांनीं अशाच दूरच्या रेघांवरून कंपाच्या निरनिराळ्या लाटा ओळखल्या, आणि सन १९०६ मध्यें पृथ्वीच्या पोटांत एक निराळा गाभा आहे असें दाखवून दिलें.

मिल्न साहेबांचें यंत्र निर्दोष नव्हतें. त्याचा झोका आवरण्याची सोय त्यांत नव्हती. एकदां हाललेला दांडा बराच वेळ आपणच डुलत राही, आणि त्यामुळें रेघ गोंधळाची होई. जर्मनींत व्हीखर्ट साहेबांनीं झोका आवरणारें यंत्र केलें व तें सरस ठरलें. पुढें मिल्न ह्यांच्याच यंत्रास लोहचुंबकाचा लगाम घालून शॉ साहेबांनीं तें सुधारिलें. तें सुधारलेलें यंत्र हिंदुस्थानांतही कित्येक वर्षें चाललें.

सन १९१३ च्या जुलै महिन्याच्या ३१ तारखेस मूत्रपिंडाच्या रोगानें मिल्न साहेब वारले. त्यांची कबर त्याच बेटावर आहे. तोने बाई सन १९१९ मध्यें मायदेशीं परतल्या व हाकोदाते येथेंच त्यांचा अंत झाला.

आज यंत्रें पुष्कळ सुधारलीं आहेत. कोयनेच्या खोऱ्यांत बसणारा बारीकसा धक्काही टिपला जातो. परंतु पुढला मोठा धक्का कोणत्या दिवशीं येईल हें कोणासही सांगतां येत नाहीं. म्हणून मिल्न साहेबांनीं मिनो प्रांतांत पाहिलेलें सत्य जुनें झालें नाहीं. किल्लारीच्या धरणीकंपांत जीं हजारों माणसें गेलीं त्यांपैकीं पुष्कळ आपल्याच माळवदाखालीं व आपल्याच दगडी भिंतींखालीं गाडलीं गेलीं. त्या भिंती हात-दोन हात रुंद होत्या, म्हणून मजबूत वाटत. परंतु गोल दगड चिखलांत रचलेले होते, दोन्ही अंगांस जोडणारे लांब दगड नव्हते, आणि माथ्यावर मातीचें मोठें ओझें होतें. रुंदी होती, पण बांधणी नव्हती.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी भिंत आहे त्यांस आमची एवढीच विनंति कीं पुढल्या उन्हाळ्यांत घराची डागडुजी काढाल तेव्हां माळवदावरील मातीचे थर कमी करा. दर दोन-अडीच हातांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड बसवा. नवें घर बांधाल तर दारांच्या वरच्या अंगास सळई व सिमेंट ह्यांचा पट्टा चारी भिंतींवरून अखंड फिरवा. जाणत्या गवंड्यास हें काम ठाऊक असतें. नसल्यास तालुक्याच्या इंजिनिअरास विचारावें. मिल्न साहेबांनीं पावइंची छर्ऱ्यांपर्यंत तीन वेळां आपली चूक सुधारली. आपणांस एकच भिंत सुधारावयाची आहे, आणि तिच्या आडोशास आपलीं मुलें निजतात.